अजून दीड मिनिट आहे

२६ डिसेंबर २०२३ च्या रात्री डेट्रॉइटच्या लिटल सीझर्स अरीनामध्ये डेट्रॉइट पिस्टन्सचा ब्रुकलिन नेट्सविरुद्धचा बास्केटबॉल सामना संपत आला होता. मी खिशातून फोन काढला आणि छताला टांगलेल्या गुणफलकावर रोखला. फलक चौकटीत नीट बसत नव्हता, म्हणून खुर्चीत थोडा मागे रेललो, पुढच्या माणसाची लोकरी टोपी टाळली आणि पुन्हा नेम धरला. शेजारी माझी अकरा वर्षांची मुलगी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले, मग फलकाकडे पाहिले आणि कसलाही रोष नसलेल्या, जणू मला घड्याळ वाचता येत नाही एवढेच सांगणाऱ्या आवाजात म्हणाली, "बाबा, अजून दीड मिनिट आहे."

मी फोन खाली घेतला नाही.

या गोष्टीला बरेच दिवस झाले, पण ते वाक्य डोक्यातून गेलेले नाही. आम्ही त्या सामन्याला का गेलो होतो, याचे मी घरात दिलेले कारण अगदी सोज्वळ होते: नाताळची सुट्टी आहे, तिकिटे पार्किंगपेक्षा स्वस्त आहेत, पोरगी शाळेच्या संघात खेळायला लागली आहे, तिला मोठे खेळाडू जवळून दिसतील. खरे कारण वेगळे होते. डेट्रॉइट पिस्टन्स ओळीने २६ सामने हरलेले होते. एकाच हंगामात सलग २६ पराभव हा विक्रम तोवर २०१०-११ च्या क्लीव्हलंडच्या आणि २०१३-१४ च्या फिलाडेल्फियाच्या नावावर होता. त्या रात्रीचा पराभव सत्ताविसावा ठरला असता, आणि तो झाला तेव्हा मी तिथे होतो, असे पुढे कधीतरी सांगता यावे म्हणून मी गेलो होतो. म्हणजे ज्या संघाची निळी-लाल टोपी मी गेली बारा वर्षे हिवाळ्यात घालतो, त्या संघाचा पराभव पाहायला मी तिकीट काढले होते. गाडीतून जाताना मुलगी विचारत होती की आज जिंकतील का, आणि मी "बघू या" म्हणत होतो. त्या "बघू या"चा अर्थ तिच्यासाठी एक होता आणि माझ्यासाठी दुसराच.

सामना मात्र माझ्या हिशेबाप्रमाणे वागायला तयार नव्हता. पहिल्या अर्ध्यात अवघे चार गुण केलेल्या पिस्टन्सच्या केड कनिंगहॅमने दुसऱ्या अर्ध्यात जे काही केले, ते मी विसरू शकत नाही. बाविसाव्या वर्षी खांद्यावर एवढ्या पराभवांचे ओझे असलेला माणूस अजिबात घाई करत नव्हता. चेंडू हातात घेऊन तो बचावपटूला पाठीवर घ्यायचा, एखाद्या दाराला टेकून उभे राहावे तसा क्षणभर थांबायचा, आणि मग एका खांद्याची हूल देऊन मोकळा होऊन चेंडू सोडायचा. त्याने दुसऱ्या अर्ध्यात ३७ आणि एकूण ४१ गुण केले. आमच्या वरच्या मजल्यावरूनही जाळीचा तो कोरडा, फाटक्या कापडासारखा आवाज ऐकू येतो की येतोय असे वाटते, कोण जाणे. तरीही सामना ११८-११२ असा गेला. शेवटी मालकाने संघ विकून टाकावा अशा घोषणा सुरू झाल्या. लोक ओरडत होते ते रागाने कमी आणि तालाने जास्त, आरतीत टाळ्या पडाव्यात तसे. माझी मुलगी घोषणा देत नव्हती. ती अजून खाली कोर्टकडे पाहत होती.

बास्केटबॉलशी माझी ओळख मुंबईतली, सिमेंटच्या कोर्टवरची. आमच्या शाळेच्या मागच्या बाजूला एक कोर्ट होते, त्याच्या एका कडेला पिंपळाच्या मुळांनी सिमेंट उचलले होते आणि तिथे चेंडू टप्पा घेतल्यावर भलत्याच दिशेला जायचा. रिंगला जाळी नव्हती. जाळी नसली की चेंडू रिंगमधून गेला की बाहेरून घसरला हे लांबून कळत नाही, त्यामुळे आमचे अर्धे सामने वाद घालण्यात जात. वर्षातून एक-दोनदा नागपाड्याच्या मुलांशी सामना असायचा. नागपाड्यात बास्केटबॉल म्हणजे काय, हे मुंबईत खेळलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. भारताचे कर्णधार राहिलेले, अर्जुन पुरस्काराने गौरवलेले अब्बास मुन्तसिर त्याच गल्ल्यांमधून आले. त्या पोरांचे मनगट आमच्या मनगटापेक्षा वेगळ्याच हाडाचे असावे असे आम्हाला वाटे. आम्ही दर वेळी हरायचो, आणि दर वेळी जाताना बसमध्ये आज जिंकणार असे ठरवून जायचो. हे शौर्य नव्हे, निव्वळ पोरवय होते. पण मी फोन वर धरून बसलेला माणूस झालो तो त्या बसमधून उतरल्यानंतर नेमका कधी, ते मात्र मला सापडत नाही.

त्या हंगामाची सुरुवात वाईट नव्हती. पिस्टन्सने पहिल्या तीनपैकी दोन सामने जिंकले होते; त्यातला दुसरा विजय २८ ऑक्टोबरला शिकागोवर होता. इकडे मोटार कामगारांचा संप सहा आठवडे चालला होता आणि माझ्यासारखी, सुट्या भागांच्या कंपन्यांत काम करणारी माणसे रोज सकाळी बातम्या पाहून मगच डबा भरत होती. ३० ऑक्टोबरला तिसऱ्या मोठ्या कंपनीशीही तात्पुरता करार झाला, आम्ही सुटकेचा श्वास टाकला, आणि त्याच दिवशी ओक्लाहोमा सिटीमध्ये पिस्टन्स हरले. त्या पराभवाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. मग नोव्हेंबर आला. नोव्हेंबरमधले १५ च्या १५ सामने ते हरले. लक्ष्मीपूजन झाले, फराळाचे डबे डेट्रॉइटच्या उपनगरांत नोव्हायहून कँटनला आणि कँटनहून ट्रॉयला फिरले, आणि दर दोन-तीन दिवसांनी फोनवर एक निकाल येत राहिला. १९ नोव्हेंबरच्या पहाटे साडेतीनला आम्ही सात-आठ घरचे लोक एका तळघरात विश्वचषकाचा अंतिम सामना पाहायला जमलो होतो. ओळीने दहा सामने जिंकून भारत अहमदाबादेत अकरावा हरला, आणि बाहेर सकाळ उलटत आली असताना आम्ही मयताहून परतावे तसे आपापल्या गाड्या पुसत उभे होतो. त्या एका पराभवाचे दुःख अख्खे होते, हातात धरता येईल असे. पिस्टन्सच्या पराभवांना तसा आकारच नव्हता. बारावा कुठला आणि पंधरावा कुठला, हे मला तेव्हाही सांगता आले नसते.

सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे या पराभवांना एक नाव होते, आणि ते नाव आशेचे होते. संघाची "पुनर्बांधणी" चालू होती. ती काही त्या वर्षी सुरू झालेली नव्हती. २०१९-२० मध्ये २० विजय, पुढच्या वर्षी पुन्हा २०, मग २३, मग १७. दर वर्षी सांगितले जाई की मुले तरुण आहेत, वेळ द्या.

हा शब्द ऐकला की मला मुलुंडचे काका आठवतात. त्यांच्या सोसायटीने पुनर्विकासाला संमती दिली तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. बिल्डरच्या कार्यालयात काचेच्या पेटीत नव्या इमारतीची प्रतिकृती ठेवलेली होती. स्पंजची हिरवी झाडे, निळ्या कागदाचा पोहण्याचा तलाव, आणि बोटाच्या पेरावर मावेल एवढी माणसे. मी सुट्टीवर गेलो असताना काकांनी मला मुद्दाम तिथे नेले आणि काचेवर नख टेकवून आपली गॅलरी दाखवली: सातवा मजला, डावीकडून दुसरी. किती कार्पेट मिळणार, कॉर्पसची रक्कम किती, भाडे किती महिने आगाऊ, सगळे त्यांना तोंडपाठ होते. मग जुनी इमारत पडली, काका-काकू दोन स्टेशने पलीकडे भाड्याच्या घरात गेले, पहिली दोन वर्षे भाड्याचा धनादेश वेळेवर आला, नंतर उशिरा आला, नंतर आला नाही. दर अकरा महिन्यांनी घर बदलताना काकू न उघडलेली खोकी तशीच पुढे नेत. काका दर रविवारी प्लॉटवर जाऊन पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून आत पाहून येत. आत पावसाचे पाणी साचलेले असे. मी फोनवर विचारले की ते सांगत, "काम चालू आहे."

पिस्टन्सच्या बाबतीत काचेच्या पेटीतली प्रतिकृती म्हणजे ड्राफ्ट, दर वर्षी होणारी नव्या खेळाडूंची निवड. जो संघ जितका हरेल, तितकी त्याला पुढच्या वर्षीच्या सर्वोत्तम तरुण खेळाडूला उचलण्याची संधी जास्त, असा एनबीएचा, म्हणजे या बास्केटबॉल लीगचा, नियम आहे. मुद्दाम हरण्याला आळा बसावा म्हणून त्यात सोडतही घातली आहे: १४ क्रमांकित चेंडू एका यंत्रात घुसळतात, त्यातले चार निघतात, १००१ जोड्यांपैकी एक ठरते. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची समान, म्हणजे १४ टक्के, संधी होती. पण शेवटून पहिला आलेल्या संघाच्या वाट्याला पाचवा क्रमांक येण्याची शक्यता ४७.९ टक्के होती, हे हरण्याचा हिशेब मांडणारे सहसा मोठ्याने सांगत नसत. २०२३ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर वेम्बन्यामा नावाचा सव्वासात फुटांचा फ्रेंच मुलगा येणार होता आणि त्यासाठी १७ विजयांचा हंगाम आम्ही गोड मानून घेतला होता. सोडतीत पिस्टन्सला पाचवा क्रमांक मिळाला. वेम्बन्यामा सॅन अँटोनियोला गेला. त्याच्या आदल्या वर्षीही पाचवाच मिळाला होता, आणि २०२४ मध्ये, सलग २८ पराभवांच्या त्या हंगामानंतर, ८२ पैकी ६८ सामने हरूनही पुन्हा पाचवा. तिसऱ्यांदा ते पाकीट उघडले गेले तेव्हा मला हसू आले. काका पत्र्याच्या फटीतून पाहत असतील तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असेच काहीतरी असणार.

पण तुलना एका जागी अडते, आणि माझे खरे दुखणे तिथेच आहे. इमारतीचा पुनर्विकास चालू असतो तेव्हा निदान त्या प्लॉटवर कोणाला संसार करायला सांगत नाहीत. पिस्टन्सच्या खेळाडूंना त्या खड्ड्यातच राहायचे होते. पुनर्बांधणी ही वरच्या मजल्यावरच्या लोकांची गोष्ट आहे. तिथे पराभव ही गुंतवणूक असते, खात्यावर टाकता येते, पाच वर्षांनी वसूल करता येते. कोर्टवर उभ्या असलेल्या माणसाला असे खाते नसते. त्याच्यापुढे चेंडू टाकण्यासाठीचे २४ सेकंदांचे घड्याळ असते आणि आज समोर उभा असलेला माणूस असतो. किलियन हेज हा फ्रेंच खेळाडू एकोणिसाव्या वर्षी, २०२० च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर, डेट्रॉइटला आला. पुनर्बांधणीची पहिली वीट म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले गेले होते. त्याला चेंडू टाकता येत नाही यावर शहरभर विनोद झाले, त्यातले एक-दोन मीही ऑफिसात पुढे ढकलले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये संघाने त्याला सोडून दिले. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्याची साडेतीन वर्षे कोणाच्या खात्यावर जमा झाली? प्रशिक्षक मॉन्टी विल्यम्स यांचा हिशेब तरी कागदावर होता: सहा वर्षांचा, ७ कोटी ८५ लाख डॉलरचा करार, त्या वेळी लीगमधल्या कुठल्याही प्रशिक्षकाचा सर्वांत मोठा. एका हंगामानंतर त्यांना काढले, पैसे मात्र मिळत राहणार. हेजला काढले त्याची बातमी चार ओळींची होती.

आणि इमारत उभी राहिलीच. २०२४-२५ मध्ये नवे व्यवस्थापन आले, जे. बी. बिकरस्टाफ प्रशिक्षक झाले, टोबायस हॅरिससारखे जाणते खेळाडू तरुणांच्या मध्ये आणून बसवले गेले, आणि १४ विजयांचा संघ एका वर्षात ४४ विजयांवर गेला. एका पूर्ण हंगामातून पुढच्या हंगामात विजय तिपटीहून जास्त करणारा लीगमधला हा पहिलाच संघ. एप्रिल २०२५ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी २००८ नंतरचा पहिला प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीतला, सामना जिंकला, तेव्हा मी सोफ्यावरून उठून एकटाच टाळ्या वाजवत होतो. लोक आता म्हणतात, बघा, धीर धरला त्याचे फळ. मला ते पटत नाही. मधले पराभव नसते तर ही इमारत उभी राहिली नसती, असे कोणी सिद्ध केलेले नाही. ड्राफ्टमध्ये तर त्यांचा काहीच उपयोग झाला नाही, तीनदा पाचवाच क्रमांक आला. ज्याने सगळे बदलले तो कनिंगहॅम २०२१ मध्येच मिळालेला होता. शेवटी बदलले ते काय, तर त्याच्या आजूबाजूला वेळेवर चेंडू पोचवणारी आणि रिंगमध्ये टाकणारी चार जाणती माणसे आली. हे २०२३ मध्येही करता आले असते. काकांच्या बिल्डरलाही सळया आणि सिमेंट कुठे मिळते हे ठाऊक होतेच.

लिटल सीझर्स अरीनाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. २०१७ मध्ये ते उघडले तेव्हा तिथल्या खुर्च्या लाल होत्या. रिकाम्या लाल खुर्च्या टीव्हीवर फार उठून दिसतात म्हणून लवकरच त्या काढून काळ्या बसवल्या. त्या रात्री नेट्सविरुद्ध मात्र रिकाम्या खुर्च्या शोधाव्या लागत होत्या. आमच्या आसपास बरीच माणसे माझ्यासारखीच विक्रम पाहायला आलेली असणार, कारण अंतिम भोंगा वाजला तेव्हा कितीतरी फोन एकदम वर गेले. मी जरा आधी काढला होता, एवढेच. तो फोटो माझ्याकडे आहे. फलक थोडा वाकडा आला आहे, आकडे पांढुरके झाले आहेत, आणि उजव्या कोपऱ्यात मुलीच्या कानाचा आणि वेणीचा तुकडा आला आहे. कान कोर्टच्या दिशेने आहे.

दोन दिवसांनी, २८ तारखेला, बॉस्टनमध्ये पिस्टन्स मध्यंतराला ६६-४७ असे पुढे होते. मी घरी टीव्हीसमोर होतो आणि त्या रात्री मला काहीही पाहायचे नव्हते, फक्त ते जिंकायला हवे होते. एकदा विक्रम होऊन गेल्यावर माझ्यातला हिशेबनीस निघून गेला होता आणि जुना बसमधला मुलगा परत येऊन बसला होता. जादा वेळेत ते १२८-१२२ हरले. अठ्ठाविसावा. मुलगी जिन्याच्या वरच्या पायरीवरून कठड्यातून पाहत होती, झोपायला पाठवले होते तरी. मला वाटले ती रडेल. ती म्हणाली, "शनिवारी टोरांटो आहे," आणि झोपायला गेली.

शनिवार ३० डिसेंबर. त्या संध्याकाळी आख्खा मिशिगन लायन्सचा होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये आमचे लायन्स सहाच दिवसांपूर्वी तीस वर्षांनी गटविजेते झाले होते आणि आता त्यांचा सामना डॅलसला होता. नोव्हायमधल्या एका मित्राकडे मंडळी जमत होती. स्वयंपाकघरात पावभाजीची भाजी रटरटत होती, ओट्यावर निळ्या टोप्यांची रास होती, आणि कोणीतरी दर पाच मिनिटांनी दार उघडून थंडी आत घेत होते. पिस्टन्सचा सामना घरच्या कोर्टवर होता. तिकिटे पुन्हा स्वस्तच होती. मी ती काढली नव्हती, कारण विक्रम माझा पाहून झाला होता.

मुलगी कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, जिथे सगळ्यांचे कोट टाकले होते तिथे, कोटांवर बसून टॅबलेटवर पिस्टन्स पाहत होती. टोरांटोने त्याच दिवशी आपले काही खेळाडू न्यूयॉर्कला देऊन टाकले होते आणि बदली आलेले अजून पोचले नव्हते, म्हणजे समोरचा संघही अर्धाच होता. नंतर लोकांनी हे आवर्जून सांगितले. मी दोनदा प्लेट घेऊन तिच्याकडे गेलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिने न पाहताच हात पुढे करून पाव घेतला. शेवटी तिचा आवाज आला, "जिंकलो!" बैठकीतल्या एकाने टीव्हीकडे पाहून विचारले, "कोण जिंकलं?" १२९-१२७. कनिंगहॅमचे ३० गुण. मी तिच्याजवळ पोचलो तेव्हा छोट्या पडद्यावर तिथले लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, जणू हा हंगामातला तिसरा विजय नसून अजिंक्यपद होते. सगळ्या खुर्च्या काळ्या होत्या आणि त्यांच्यासमोर माणसे उभी होती. तिथे दोन खुर्च्यांवर आम्ही असू शकलो असतो, हे ती बोलली नाही. मीही बोललो नाही.

नंतर लायन्स २०-१९ असे हरले, तेही पंचांच्या एका निर्णयावर, आणि मध्यरात्रीपर्यंत त्याच्यावर भांडण चालले.

१ जानेवारीला पिस्टन्स ह्यूस्टनमध्ये खेळले. सामना लवकरच हातातून गेला. शेवटी ते २३ गुणांनी हरले. मी स्वयंपाकघरात नव्या वर्षाच्या जेवणाची भांडी घासत होतो. मुलगी बाहेरच्या खोलीत पूर्ण वेळ बसली होती आणि प्रत्येक टाइमआउटला, मी विचारले नव्हते तरी, मोठ्याने गुण सांगत होती.